आईच्या मोतीबिंदूच्या तपासणीत 'हेपेटायटिस सी' निघाला. औषधांबद्दल कोणी सांगेल का?

मधुमालती | १२ जून २०२३, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते. पाककृतींखाली कधीतरी "करून बघते" लिहिलं असेल, तेवढंच. पहिलाच धागा काढतेय, तोही असल्या विषयावर.

आई ६३ वर्षांची, काळाचौकीला राहते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्यांत शुगर ठीक, ईसीजी ठीक आणि एका ओळीत "अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह". डोळ्यांच्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि "तारीख कॅन्सल, लिव्हरच्या डॉक्टरांचं पत्र आणा" म्हणून फाइल परत दिली. टॅक्सीत बसल्यावर आईने हळूच विचारलं, "म्हणजे एड्स का गं?"

तिला कधी कावीळ झाली नाही. दारू लांबच राहिली, साधी सुपारी खात नाही. रक्त आयुष्यात एकदाच चढवलंय, १९८८ साली, माझ्या वेळच्या बाळंतपणात. दोन बाटल्या.

शेजारचे म्हणतात वर्षभर इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि घर विकायची वेळ येते. खरं आहे का? कुठे जायचं? आणि भांडी वेगळी करायची का? आईने संध्याकाळीच स्वतःचं ताट-पेला बाजूला काढून ठेवलाय. नातवाला जवळ येऊ देत नाहीये.

बंड्या_परळकर | १३ जून, सकाळी ७:०५

ताई, पहिलं काम: ताट परत मांडणीत ठेवा. हा रक्तातून पसरतो. ताटातून, पाण्यातून, मिठी मारून, खोकून नाही. दात घासायचा ब्रश, नेलकटर, वस्तरा तेवढा वेगळा. बाकी नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

खडूस | १३ जून, सकाळी ९:२२

अमिताभला झाला होता तोच ना हा? त्याचं पाऊण लिव्हर गेलं म्हणतात.

स्टेथो_आणि_वडापाव | १३ जून, दुपारी २:५०

नाही, त्यांना झाला तो हेपेटायटिस बी. १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून. ते स्वतःच हे जाहीर सांगतात आणि २०१७ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेचे हेपेटायटिससाठीचे सदिच्छादूत झाले. बी आणि सी यांचं आडनाव एक, घराणं वेगळं. बी ला लस आहे, पण एकदा जुनाट झाला की अनेकांना गोळ्या वर्षानुवर्षं. सी ला लस नाही, पण औषधाने तो पूर्ण जातो.

मधुमालती ताई, मी मेडिसिनमध्ये रेसिडेंट आहे, ड्यूटी आणि झोप यांच्या मधल्या फटीत लिहितोय.

"रिअ‍ॅक्टिव्ह" म्हणजे आईच्या शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. आज तो रक्तात आहे का, हे ती टेस्ट सांगत नाही. साधारण चारातल्या एकाचं शरीर पहिल्या सहा महिन्यांतच त्याला हाकलून देतं आणि अँटिबॉडी मात्र खूण म्हणून मागे राहते. म्हणून पुढची पायरी एचसीव्ही आरएनए, म्हणजे व्हायरल लोड, रक्तात विषाणू आहे का आणि किती ते मोजणारी टेस्ट. ते निगेटिव्ह आलं तर औषधच नको.

पॉझिटिव्ह आलं तरी वर्षभराची इंजेक्शनं हा इतिहास झाला. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. खर्चाचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. काळाचौकीहून केईएम, नायर, सायन, जेजे सगळंच जवळ. आधारकार्ड आणि हा रिपोर्ट घेऊन गॅस्ट्रोच्या ओपीडीत विचारा. सकाळी लवकर जा. लवकर म्हणजे खरंच लवकर.

आणि त्या काउंटरवरच्या मुलीबद्दल: प्रत्येक ऑपरेशनमध्ये रुग्णाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काळजी घ्यायची असते. फक्त अँटिबॉडी बघून मोतीबिंदू पुढे ढकलायला शास्त्रीय आधार नाही. ओरडून सांगायला तर नाहीच नाही.

जुना_जोगी | १३ जून, रात्री १०:१५

शेजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी नाही, फक्त जुनी आहे. ती माझी आहे, म्हणून लिहितो.

२००६. मी ४१ वर्षांचा, नालासोपाऱ्याला राहायचो, नोकरी फोर्टात. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं, त्यांनी पत्र पाठवून बोलावलं. जीनोटाइप ३, म्हणजे विषाणूचा तिसरा प्रकार. तेव्हा औषध एकच: आठवड्याला एक पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, २४ आठवडे. जीनोटाइप १ वाल्यांना तर ४८.

इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागायचं. आमच्याकडे फ्रिज नव्हता, त्यासाठी घेतला. दर शुक्रवारी रात्री पोटावर टोचून घ्यायचो म्हणजे ताप शनिवार-रविवारात उरकेल. रात्री दोनला हुडहुडी भरायची, बायको दोन गोधड्या टाकून वर स्वतः बसायची. सोमवारी सकाळी पुन्हा विरार फास्ट. रिबाविरिनने रक्त फुटतं, हिमोग्लोबिन १४ वरून ८.५ वर आलं. दादरचा जिना चढताना मधे थांबून मोबाईल बघितल्याचं सोंग करायचो. केस गळाले ते गळाले, पण डोकंही फिरलं. मी रागीट माणूस नाही. त्या सहा महिन्यांत मी मुलाला दोनदा मारलं. इंटरफेरॉन मनावर परिणाम करतं, नैराश्य आणतं, हे मला कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या त्या वेगळ्याच.

शेवटी रिपोर्ट निगेटिव्ह. पेढे वाटले. सहा महिन्यांनी परत पॉझिटिव्ह. पेढे वाटलेल्यांना मी ते सांगितलं नाही.

पुढची नऊ वर्षं नुसती सोनोग्राफी करत काढली. मार्च २०१५ मध्ये सोफोसबुविर नावाची नवी गोळी भारतात आली. डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रकाराला आत्ता सोफोसबुविर आणि रिबाविरिन २४ आठवडे देता येईल. रिबाविरिनचं नाव ऐकूनच पोटात गोळा आला. म्हटलं, दुसरं काही? म्हणाले, थांबा, डॅक्लाटास्विर येतंय. लिव्हर अजून बरं होतं म्हणून थांबता आलं. डिसेंबरात ते आलं, जानेवारी २०१६ पासून दोन गोळ्या रोज, ८४ दिवस. चौथ्या आठवड्यात विषाणू दिसेनासा झाला. त्या काळात मी एकही रजा घेतली नाही. खरं सांगू, इतकं काहीच न झाल्याचा मला संशयच आला होता. आज सात वर्षं झाली, रक्त स्वच्छ आहे.

अबोली | १३ जून, रात्री १०:४८

जोगीकाका, काही सुचत नाहीये काय लिहावं. गोधडीवर बसणाऱ्या काकूंना नमस्कार सांगा.

फार्मा_काका | १४ जून, सकाळी ६:३०

अंबरनाथ एमआयडीसीत तीस वर्षं रसायनं ढवळली, त्यामुळे या विषयावर मला कोणी थांबवू शकत नाही. सून म्हणते काका निबंध लिहितात. लिहितो.

नावांच्या शेपट्या बघा. "-बुविर", "-आस्विर", "-प्रेविर". प्रत्येक शेपटी विषाणूच्या एकेका यंत्रावर बसते. विषाणू वाढतो म्हणजे काय करतो? स्वतःच्या आरएनएची, म्हणजे जनुकीय साखळीची, नक्कल काढतो, एकेक मणी ओवत माळ करतो. सोफोसबुविर हा खोटा मणी. दिसतो खऱ्यासारखा, पण त्याच्यापुढे दुसरा मणी ओवताच येत नाही, माळ तिथेच खुंटते. "-आस्विर" वाले, म्हणजे डॅक्लाटास्विर, लेडिपास्विर, वेल्पाटास्विर, एनएस५ए नावाच्या प्रथिनाला धरतात. ज्या ओट्यावर हा सगळा स्वयंपाक चालतो, तो ओटाच मोडतात. "-प्रेविर" वाले विषाणूचं एक लांबलचक प्रथिन कापून कामाचे तुकडे करणारी कात्री बोथट करतात. एकाच ठिकाणी मारलं तर हा पठ्ठ्या रूप बदलून सुटतो, म्हणून दोन औषधं एकदम.

आता हा पूर्ण बरा होतो आणि बी किंवा एचआयव्ही का नाही? मुंबईच्या भाषेत: बी हा पागडीचा भाडेकरू. पेशीच्या केंद्रकात आपली कायमची प्रत ठेवून बसतो, निघायचं नाव नाही. सी हा अकरा महिन्यांच्या लिव्ह-अँड-लायसन्सवाला. केंद्रकात शिरतच नाही, बाहेरच्या खोलीतच त्याचा संसार. नकला काढणं बंद पाडलं की सामानासकट जातो.

किमतीची गोष्ट तर आणखी भारी. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं, गिलियड कंपनीचं. १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर. गोळीला हजार! तेव्हाच्या भावाने पन्नास लाखांवर गेले. २०१४ मध्येच संशोधकांनी हिशोब मांडला होता की मोठ्या प्रमाणावर बनवलं तर तेवढ्याच औषधाचा उत्पादनखर्च ६८ ते १३६ डॉलर पडेल. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले, मार्च २०१५ मध्ये नॅटकोने तेच हेपसिनाट नावाने बाजारात आणलं, २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपये. मागोमाग मायलान, सिप्ला, झायडस, हेटेरो सगळे उतरले आणि भाव कोसळले. दरम्यान पेटंटची लढाई चालूच. जानेवारी २०१५ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, प्रकरण परत आलं आणि मे २०१६ मध्ये पेटंट मिळालं. परवाने आधीच दिलेले होते म्हणून आपल्या गोळ्या चालू राहिल्या. त्या वर्षांत ऑस्ट्रेलिया-युरोपातून लोक विमानाने येऊन इथून बाटल्या घेऊन जायचे.

खडूस | १४ जून, सकाळी ८:१०

काका, सगळं झकास. पण हजार डॉलरची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते म्हणजे खडू तर नाही ना?

फार्मा_काका | १४ जून, सकाळी ८:३१

खडू कसा असतो ते मला विचारा, तोही बनवलाय. भारतीय जेनेरिक सोफोसबुविरला २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तपासून मान्यता दिली, जगभर जातं ते. स्वस्त झालं ते स्पर्धेमुळे आणि सरकारच्या घाऊक खरेदीमुळे.

निसर्गमित्र | १४ जून, दुपारी १२:०५

रसायनांचा मारा करण्याआधी गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्या कोकणात कावीळ उतरवणारे आहेत, डोक्यावर हात ठेवतात, तीन दिवसांत पिवळेपणा जातो. स्वतः पाहिलंय.

स्टेथो_आणि_वडापाव | १४ जून, रात्री ११:५५

पाहिलं असेल. दूषित पाण्याने होणारी कावीळ, म्हणजे ए आणि ई, बहुतेकांची आपली आपण बरी होते. तीन दिवस थांबलं की श्रेय हाताला. सी मध्ये तर वीस-वीस वर्षं कावीळ दिसतच नाही, उतरवणार काय?

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वादात कोण बरोबर ते सोडून द्या. ज्या बाईचं लिव्हर आधीच आजारी आहे, तिला हे बारा आठवडे कुठलाच काढा नको.

प्रशासक | १५ जून, सकाळी १०:००

"९० दिवसांत खात्रीशीर, कुरिअरने घरपोच" हा प्रतिसाद काढून टाकला आहे. असे दुवे पुन्हा दिल्यास सदस्यत्व जाईल.

मधुमालती | २८ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. जोगीकाका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्यांच्या बायकोला पाटल्या परत मिळाल्या का, विचार."

पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. पहिला दिवस चुकीच्या रांगेत, दुसरा दिवस बरोबर रांगेत पण उशिरा, तिसऱ्या दिवशी साडेसहाला जाऊन उभी राहिले. आतली माणसं मात्र चांगली निघाली. रजिस्ट्रेशन झालं, आरएनए मोफत झालं. विषाणू आहे. ८ लाख ४० हजार. आकडा बघून माझ्या पायातलं बळ गेलं, पण डॉक्टर म्हणाल्या की हा आकडा लहान-मोठा असल्याने लिव्हर किती बिघडलंय ते कळत नाही.

ते कळायला त्यांनी कागदावरच गणित केलं. एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४ (या लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट १ लाख ६२ हजार. अपरी का काहीतरी ०.९ आला (२ च्या वर वाईट म्हणाल्या) आणि फिब-४ हा २.८ (३.२५ च्या वर वाईट). फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारं मशीन) ८.१. थोडक्यात लिव्हर थोडं जून झालंय, सिरोसिस, म्हणजे पार निबर होऊन आक्रसणं, नाही. बी आणि एचआयव्ही पण तपासले, दोन्ही निगेटिव्ह. सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६०, रोज एकेक, १२ आठवडे. जीनोटाइप केलाच नाही. चूक तर नाही ना?

ब्लडप्रेशरसाठी ती अम्लोडिपिन घेते, आणि सकाळी उपाशीपोटी पॅन-डी. ती तर काय, अख्खी काळाचौकी घेते.

जुना_जोगी | २८ जून, रात्री ९:४५

आईंना सांगा, पाटल्या २०११ ला सोडवल्या. आत्ता हातात आहेत.

गोखले_रोड | २८ जून, रात्री १०:०२

पॅन-डी ताबडतोब बंद करा! माझ्या मेव्हण्याला डॉक्टरांनी सक्त बजावलं होतं की अ‍ॅसिडिटीच्या गोळीने हे औषध वाया जातं.

स्टेथो_आणि_वडापाव | २९ जून, पहाटे १:३०

गोखले रोड, तुमचा मेव्हणा बहुधा वेल्पाटास्विरवर असणार. ते विरघळायला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल सहसा टाळतात आणि डायजिन, इनोसारखं काही घेतलं तर चार तासांचं अंतर ठेवतात. लेडिपास्विरचंही असंच. डॅक्लाटास्विरला हा त्रास नाही. तरी ताई, पॅन-डी खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा. निम्म्या मुंबईला लागत नाही.

अम्लोडिपिन चालतं, क्वचित थोडं जास्त लागू पडतं. पायांवर सूज आली तर सांगा.

जीनोटाइप न करणं चूक नाही. ही जोडी सगळ्या प्रकारांवर चालते, म्हणून कार्यक्रमात ती टेस्ट वगळली आहे. सिरोसिस असता तर डॅक्लाटास्विरऐवजी वेल्पाटास्विर. सिरोसिस वाढून पोटात पाणी वगैरे झालेलं असेल तर सोबत रिबाविरिन किंवा २४ आठवडे, आणि ते अनुभवी सेंटरमध्येच.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, काही औषधं या गोळ्यांबरोबर अजिबात जमत नाहीत. टीबीचं रिफाम्पिसिन. फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, सोफोसबुविरबरोबर ते घेतल्याने नाडी धोकादायक मंद झालेली आहे, २०१५ पासून तसा इशारा आहे. घरात जी काही गोळी, पुडी, चूर्ण चालू असेल ते पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

बी तपासला ते उत्तम. अंगात बी लपलेला असेल तर सी गेल्यावर तो उसळू शकतो, म्हणून औषधाआधी ती तपासणी हवीच.

सासूबाईंची_सून | २९ जून, सकाळी ११:१०

यात भर. माझे सासरे इन्सुलिनवर होते. गोळ्या सुरू झाल्यावर दीड महिन्यात शुगर ६२ वर आली, बाथरूमपाशी चक्कर येऊन पडले. नंतर कळलं की विषाणू गेला की शुगर सुधारते, तेच इन्सुलिन मग जास्त होतं. डायबेटिस असेल तर घरी मशीन ठेवा.

मधुमालती | १६ जुलै, रात्री ८:००

५ तारखेपासून सुरू झाल्या. डोकं जड राहतं म्हणते, बाकी काही नाही. नवीन प्रश्न: परवापासून अधिक श्रावण. यंदा श्रावण दोन महिने, आणि आईने अधिकात एकभुक्त राहायचं ठरवलंय. ऐकत नाही. गोळ्यांचं काय?

स्टेथो_आणि_वडापाव | १६ जुलै, रात्री ११:२०

या दोन गोळ्या पोट रिकामं असलं काय, भरलेलं असलं काय, सारख्याच. वेळ एक ठेवा. एखादी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम नको. अम्लोडिपिन चालू असताना पाणी मात्र भरपूर. एकभुक्ताबद्दल मी बोलत नाही, माझी आई पण ऐकत नाही.

अबोली | १७ जुलै, सकाळी ७:४०

आई रात्री देवापुढे दिवा लावते त्या निरांजनाशेजारी बाटली ठेवा. दिवा चुकत नाही, गोळीही चुकणार नाही.

मधुमालती | २७ सप्टेंबर, दुपारी ४:१५

काल ८४ वी गोळी झाली. घरात दीड दिवसाचा गणपती होता तेव्हा मधेच बाटली सापडेना. मखराच्या मागे निघाली. अबोली, तुझी कृपा!

एक गोष्ट लिहायची होती. १९८८ चं रक्त माझ्या वेळचं, हे मी आईसमोर मुद्दाम बोलले नव्हते. तिने स्वतःच हिशोब केला. म्हणाली, एक बाटली बाबांच्या गिरणीतल्या मित्राने दिली होती. दुसरी मिळेना, तेव्हा हॉस्पिटलबाहेर पैसे घेऊन रक्त देणारा एक जण असायचा, त्याची घेतली. "बारीक होता गं, लुंगी नेसलेला. तुझे बाबा म्हणाले, याच्याच अंगात रक्त नाही." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "त्याला कोणी गोळ्या दिल्या असतील का?"

भाऊ १९९२ चा, म्हणजे त्या रक्तानंतरचा, त्यामुळे त्याची तपासणी करायला सांगितली होती. मीही केली. दोघंही निगेटिव्ह.

फार्मा_काका | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

१९८८ मध्ये तर या विषाणूला नावही नव्हतं. "ए नाही, बी नाही" असंच म्हणायचे. १९८९ मध्ये सापडला. ज्यांनी शोधला त्या आल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि रक्तपेढ्यांत सी ची तपासणी त्यानंतरच सक्तीची झाली. म्हणजे त्या आधी ज्यांना रक्त चढलंय, त्या सगळ्यांनी एकदा ही टेस्ट करून घ्यायला हवी. या धाग्यावर साठी ओलांडलेले किती आहेत? हात वर करा.

आमच्या लहानपणी एकच काचेची सिरिंज पातेल्यात उकळून अख्ख्या चाळीला टोचायचे, तेही विसरू नका. इजिप्तमध्ये असंच झालं. दुसऱ्याच एका आजाराच्या इंजेक्शनांच्या मोहिमेतून देशभर सी पसरला. आता त्याच देशाने कोट्यवधी लोक तपासून औषधं दिली.

गोखले_रोड | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१२

हात वर. १९९४, अपेंडिक्स फुटलं होतं. उद्याच करतो.

अरबी_समुद्र | ३ ऑक्टोबर, रात्री १२:४०

हा धागा उशिरा सापडला. मी ३४, मुंब्र्याला राहतो, एसी टेक्निशियन. २०१९ मध्ये सी निघाला, मोफत गोळ्या घेतल्या, बरा झालो. गेल्या महिन्यात आखातातल्या नोकरीसाठी मेडिकल झालं. अँटिबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह. मी आरएनएचे दोन निगेटिव्ह रिपोर्ट दाखवले, चार वर्षांच्या अंतराचे. टेबलामागचा माणूस म्हणाला, आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. एजंटचे पैसे गेले, व्हिसा गेला. मधुमालती ताई, आई बरी होईल, पण ती पहिली टेस्ट बहुतेक जन्मभर "रिअ‍ॅक्टिव्ह"च सांगणार. आधीच माहीत असू द्या.

स्टेथो_आणि_वडापाव | ३ ऑक्टोबर, रात्री १:२५

खरं आहे, आणि मला याचा फार राग येतो. अँटिबॉडी हा जुना व्रण आहे, जखम नाही. दुर्दैवाने त्या देशांचे नियम आपल्या हातात नाहीत. उपचार केंद्रातून "विषाणू आढळत नाही, उपचार पूर्ण" असं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ठेवा. कुठे चालतं, कुठे नाही.

आणि या अँटिबॉडी संरक्षण देत नाहीत. दूषित सुई, टॅटू, डायलिसिस, कशातूनही परत होऊ शकतो.

ताई, खरा निकाल गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी. तोपर्यंत पेढे नकोत. जोगीकाका साक्षीला आहेत.

जुना_जोगी | ३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आहे.

मधुमालती | २३ डिसेंबर, संध्याकाळी ७:३५

आढळला नाही! २० तारखेला रक्त दिलं, आज रिपोर्ट हातात. एसजीपीटी २२. सिरोसिस नव्हता म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी लागणार नाही म्हणाल्या, सिरोसिस असलेल्यांना ती बरं झाल्यावरही लागते, कॅन्सरवर लक्ष ठेवायला. जोगीकाका, पेढे लालबागच्या दुकानातून आणलेत. तुमच्या वाटचे दोन आईने बाजूला ठेवलेत, म्हणते पत्ता विचार.

जुना_जोगी | २३ डिसेंबर, रात्री ८:०१

पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. चार ठेवा, ही पण येईल.

मधुमालती | ३० जानेवारी २०२४, रात्री १०:१०

शेवटचं अपडेट. मोतीबिंदूसाठी दुसरीकडे गेलो. तिथेही परत तीच टेस्ट, परत "रिअ‍ॅक्टिव्ह". यावेळी फाइल उघडून आरएनए आणि पत्र पुढे ठेवलं. डॉक्टरांनी अर्धा मिनिट वाचलं आणि गुरुवारची तारीख दिली. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. पट्टी काढल्यावर आईने घरात शिरून पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, "ही जळमटं कधीपासून आहेत?"

ताट अजून वेगळंच ठेवते. मी चिडले तर म्हणाली, रोगाचं काही नाही, हे ताट जरा खोल आहे, आमटी सांडत नाही.

कांदेपोहे_४२ | २ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. वडिलांच्या परवापासून सोफोसबुविर-वेल्पाटास्विर सुरू झाल्यात. त्यांच्या डबीत "अमिओडॅरोन २००" पण आहे, बायपासनंतर चालू केलेलं. आम्ही ते कोणाला दाखवलंच नव्हतं. काय करू?

स्टेथो_आणि_वडापाव | २ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

हे टाइप करणं थांबवा आणि लिव्हरच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना आत्ता फोन करा. आजची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. चक्कर, छातीत दुखणं, दम, खूप थकवा असं काही असेल तर फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. अमिओडॅरोनही स्वतःच्या मनाने बंद करू नका, बंद केल्यावरसुद्धा ते आठवडेच्या आठवडे अंगात राहतं.

कांदेपोहे_४२ | २ फेब्रुवारी, दुपारी १:३०

अ‍ॅडमिट करून घेतलंय, मॉनिटर लावलाय. नाडी ५४. डबी पिशवीत घालून नेली होती.